पूर ओसरल्यावर भिंत पडते

15 सप्टेंबर 1872 रोजी पांझरा आणि गिरणा या दोन्ही नद्यांना असा पूर आला, की खानदेशातल्या दीडशेवर गावांचं नुकसान झालं आणि एकट्या धुळ्यात शेकडो घरं वाहून गेली. त्याच्या पन्नास वर्षं आधी, 1822 साली, तापीने काठावरची साठाहून जास्त गावं समूळ नेली होती. या नोंदी इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात आहेत. अलीकडचं बोलायचं तर ऑगस्ट 2018 मध्ये रंगावली नवापुरात शिरली, ऑगस्ट 2019 मध्ये पांझरेने धुळ्याला हिसका दाखवला आणि 2021 च्या ऑगस्टअखेरीस तितूर आणि डोंगरी या नद्यांनी एका रात्रीत चाळीसगाव परिसराचं होत्याचं नव्हतं केलं. खानदेश म्हटलं की बाहेरच्यांना ऊन, केळी आणि कापूस आठवतो. टँकरचा मुलूख ही आपलीही स्वतःबद्दलची समजूत आहे. पण आपल्या नद्या आठ महिने वाळूत तोंड खुपसून असतात आणि उरलेल्या काळात कधीतरी दोन दिवस अंगावर येतात, हा त्यांचा जुना स्वभाव आहे.

प्रत्येक पुरानंतर एक मागणी ठरलेली असते: नदीकाठच्या मंदिराला, घाटाला, किल्ल्याला संरक्षक भिंत बांधा. निवेदनं दिली जातात, लोकप्रतिनिधी पाहणी करतात, निधी मंजूर झाला तर सिमेंट-काँक्रीटची उंच भिंत उभी राहते, तिच्या आतल्या बाजूला पेव्हर ब्लॉक बसतात, विजेचे खांब लागतात. काम दिसतं, फोटो चांगले येतात. या मागणीमागची कळकळ खरी असते, हे मला मान्य आहे. तरीही बहुतेक ठिकाणी ही भिंत जुन्या वास्तूचं रक्षण करत नाही, तिचं आयुष्य कमी करते, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडची जुनी बांधकामं पुराच्या धक्क्याने क्वचित पडतात. ती पडतात पूर ओसरल्यावर, पायाखालची वाळू गेल्यावर आणि चुकीच्या दुरुस्तीने आतल्या आत कुजल्यावर. ही तिन्ही कारणं माणसाच्या हातातली आहेत. त्यावर खर्चही कमी लागतो. फक्त तो दरवर्षी करावा लागतो.

आधी या वास्तू नदीकाठी आहेत का, ते पाहू. गोमाई आणि तापीच्या संगमावर प्रकाशा आहे. तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडात 1954-55 साली पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती सापडली. म्हणजे साडेतीन हजार वर्षं माणूस त्या काठावर पूर पाहत राहिला आहे. तापी-पूर्णेच्या संगमापाशी चांगदेवाचं मंदिर आहे. बोरीच्या पात्रात अमळनेरच्या सखाराम महाराजांची समाधी आहे आणि वैशाखातली यात्रा त्या पात्रातच भरते. बोरीच्याच काठाला बहादरपूरचा किल्ला आहे. तापीच्या काठावर थाळनेर आहे, फारुकी राजांची पहिली राजधानी. ज्यांनी हे बांधलं त्यांना पूर माहीत नव्हता असं समजणं चूक आहे. त्यांच्या घरात पुराचं पाणी येऊन गेलेलं होतं. त्यांनी जोतं किती उंच घ्यायचं, पायऱ्या कुठपर्यंत उतरवायच्या, भिंतीला ढाळ किती द्यायचा, हे सगळं पूर गृहीत धरून ठरवलं.

हेमाडपंती बांधणीचं उदाहरण घ्या. बळसाण्याची मंदिरं, पाटण्याचं महादेवाचं मंदिर, चांगदेव. या बांधणीत घडीव दगडावर घडीव दगड बसवलेला असतो. मध्ये चुना नसतो किंवा नावापुरता असतो. खाचेत खाच अडकवून आणि वजनाने वजन दाबून सगळा डोलारा उभा. पाणी आलं तर सांध्यांतून आत जातं आणि उतरलं की त्याच सांध्यांतून बाहेर येतं. भिंत पाण्याशी भांडत नाही. उद्या कुणी हे सांधे सिमेंटने लिंपले, तर पाणी आत जायचं थांबत नाही. ते वरून पावसाचं, खालून जमिनीतलं, असं कुठून तरी जातंच. बाहेर पडायची वाट मात्र बंद होते.

तटबंदी आणि बुरुजाचं वेगळं आहे, आणि इथे जरा थांबायला हवं. आपले बहुतेक बुरूज बाहेरून दगड किंवा वीट आणि आत माती-मुरमाची भर असे आहेत. पूर चढत असतो तेव्हा बाहेरचं पाणी बुरुजाला आत दाबतं आणि आतली माती भिजून बाहेर दाबते. दोन्ही दाब एकमेकांना तोलून धरतात. पुराच्या ऐन रात्री बुरूज उभा राहिलेला दिसतो आणि लोक म्हणतात, जुनं काम ते जुनंच. मग वरच्या धरणाचे दरवाजे बंद होतात, नदी काही तासांत झपाट्याने उतरते, बाहेरचा आधार निघून जातो. आतली माती मात्र भिजलेल्या पोत्यासारखी जड होऊन बसलेली असते, तिच्यातलं पाणी तितक्या लवकर निघत नाही. तो सगळा भार आता फक्त बाहेरच्या दगडी सालीवर. जुन्या कामात हे पाणी निघायला भिंतीत जागोजागी भोकं ठेवलेली असत. ती आज गाळाने, झाडांच्या मुळांनी किंवा कुणीतरी हौसेने केलेल्या गिलाव्याने बुजलेली असतात. त्यामुळे पूर जाऊन दुसरा-तिसरा दिवस उजाडतो, ऊन पडतं, सगळे निर्धास्त होतात, आणि तेव्हा बुरूज ढासळतो. मोठ्या पावसातही हेच घडतं. अमळनेरच्या दगडी दरवाजाचा बुरूज काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात ढासळला तो भर बाजारपेठेत. तिथे नदीने येऊन धडक मारण्याचा प्रश्नच नव्हता. पाणी आत मुरतं आणि बाहेर निघत नाही, एवढंच बुरुजाला पुरेसं असतं.

आता अशा बुरुजापुढे काँक्रीटची भिंत बांधली तर काय होईल? पूर त्या भिंतीवरून आला तर मागे साठलेलं पाणी उतरायला आठवडा घेईल. पूर भिंतीपर्यंतच राहिला तरी गावाकडून येणारं पावसाचं पाणी तिच्यामागे तुंबेल. दोन्हीकडून बुरुजाचा पाया ओलाच राहणार. शिवाय समोरच्या तीरावर नदी तेवढी जास्त चढेल आणि तिथलं गाव भोगेल, हा हिशेब वेगळा.

थाळनेरला गेलात तर किल्ल्याच्या नदीकडच्या बाजूला खाली उतरून पाहा. (हे लता मंगेशकरांचं आजोळ, म्हणून गावाचं नाव अनेकांना ठाऊक असतं, किल्ला फार थोड्यांनी पाहिलेला असतो.) याच किल्ल्याने फेब्रुवारी 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफा झेलल्या आणि किल्लेदार तुळशीराम मामा फासावर गेले. तापीखोऱ्याची गाळाची माती किती खोल आहे ते तिथे उभ्या दरडीत दिसतं. त्या दरडीवर तट उभा आहे. दगडाला फारसं काही झालेलं नसतं. तो ज्या मातीवर बसला आहे ती सरकते. पाऊस वरून ओघळी पाडतो, नदी खालून पायथा खाते आणि मधला भाग एक दिवस खाली बसतो. अशा ठिकाणी काहीतरी बांधावं लागेल, हे मी नाकारत नाही. पण ते दरडीच्या पायथ्याशी, पाणी झिरपू देणारं असावं. उतारावर दगडांचं अस्तर (पिचिंग), जाळीत बांधलेले दगड, वरच्या उतारावर खोल मुळांचा वाळा आणि करंज, आणि माथ्यावरचं पावसाचं पाणी तटाच्या पायात न सोडता बाजूने नेणारी पक्की चारी. या चारीचा खर्च इतका किरकोळ आहे की त्याचं उद्घाटन करायला कुणी येणार नाही. कदाचित म्हणूनच ती कुठे होत नाही.

दुरुस्तीचं नुकसान जवळून पाहायचं तर गिरणाकाठच्या एका गढीचं सांगतो. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटांचा बुरूज, अशी नेहमीची बांधणी. एका पुरानंतर बुरुजाच्या विटांमधला चुना धुऊन निघाला होता, म्हणून गावाने मोठ्या आस्थेने सिमेंटने दरजा भरून घेतल्या. मी तो बुरूज पाहिला तेव्हा विटा आत गेल्या होत्या आणि सिमेंटच्या रेघा बाहेर उभ्या होत्या. मधमाशांनी सोडून दिलेल्या जाळीचीच आठवण झाली. बोट लावलं तर विटेचा लाल भुगा हाताला लागत होता आणि खालच्या तीन-चार थरांवर पांढरं मीठ फुललं होतं. असं का झालं, हे समजायला अवघड नाही. पुराचं पाणी आणि काळ्या जमिनीतले क्षार विटेत चढले. भिंत वाळताना ते पाणी सगळ्यात मऊ वाटेने बाहेर पडतं. पूर्वी ती वाट चुन्याची होती. क्षार चुन्यात साचायचे, चुना झिजायचा, दहा-पंधरा वर्षांनी गवंडी येऊन तो पुन्हा भरायचा. चुना झिजावा म्हणूनच तर तो होता. आता दरजेत सिमेंट आहे, ते पाणी सोडत नाही. मग पाणी विटेतून निघतं, क्षार विटेच्या अंगातच गोठून फुगतात आणि वीट पापुद्र्या-पापुद्र्याने सुटते. चुना भरायला पुन्हा गवंडी मिळतो. गेलेली वीट परत मिळत नाही.

याला कुणा एका ग्रामपंचायतीला दोष देता येणार नाही. सिमेंट मजबूत, चुना जुनाट, असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलं आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली तर याहून वाईट होतं. जुनं मंदिर पूर्ण उतरवून स्लॅबचं नवं उभं राहतं, मूळ दगड नदीच्या काठाला भराव म्हणून जातात, उरलेल्या खांबांवर ऑइल पेंट चढतो. श्रद्धा खरी असते, देणगीही घामाची असते. पण पुराने जे शतकानुशतकं नेलं नाही ते आपण एका उन्हाळ्यात नेतो.

वाळूबद्दल मला जास्त राग आहे. गिरणेच्या आणि तापीच्या पात्रातून वाळू कशी जाते हे खानदेशात शाळकरी पोरालाही माहीत आहे. रात्रीचे डंपर, ट्रॅक्टर, अधूनमधून महसूल पथकावर होणारे हल्ले, हे सगळं वर्तमानपत्रांत येतं. त्यावर चर्चा होते ती बुडालेल्या महसुलाची आणि आटलेल्या विहिरींची. या उपशाने घाटाच्या, समाधीच्या, तटाच्या पायाचं काय होतं हे कुणी विचारत नाही. जुन्या माणसांनी पाया घातला तो त्या काळच्या पात्राची पातळी धरून. पात्र खाली गेलं की पुराचं पाणी त्याच पायाच्या बुडाशी वळसे घेतं, तळाची माती ओढून नेतं आणि दगडाखाली पोकळी करतं. वरून काही दिसत नाही. घाटाच्या शेवटच्या पायरीखाली हात जाईल एवढी जागा झाली, तर समजावं की पुढचा मोठा पूर तो घाट नेणार, आणि लोक म्हणणार, काय भयंकर पूर होता!

पुलापासून ठरावीक अंतरात वाळू काढायला बंदी असते, पाणीपुरवठ्याच्या विहिरीजवळ असते. तीच बंदी जुना घाट, समाधी, किल्ला, बंधारा यांना नावानिशी लागू करायला काय अडचण आहे? केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती 2010 च्या दुरुस्तीनंतर शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे. ती मनाई काठावरच्या माणसाला घराची खोली वाढवू देत नाही, इतकी कडक आहे. नदीच्या पात्रात मात्र तिचा धाक कुठेच दिसत नाही. शिवाय ती यादीतल्या स्मारकांपुरतीच. आपल्याकडच्या गढ्या, बारवा, वेशी आणि घाट यांतलं बहुतेक कुठल्याच यादीत नाही.

यादीत नसलेल्यांत मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते पांझरेवरचे फडाचे बंधारे. साक्री आणि धुळे तालुक्यांत हे बंधारे शेकडो वर्षं शेतीला पाणी देत आले. नदीत आडवी दगडी भिंत, तिच्या एका टोकाला पाट, पाटातून चाऱ्या, आणि खालच्या सगळ्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात एकच पीक, त्यात सगळ्यांच्या जमिनी. पाणी कुणाला केव्हा हे पाटकरी, म्हणजे पाट सांभाळणारा माणूस, ठरवणार. हे बंधारे ऐन नदीत उभे असतात, म्हणजे प्रत्येक पूर त्यांच्या छातीवरूनच जातो. तरी ते टिकले. कारण ते बुटके होते, पाणी वरून जाऊ द्यायला बांधलेले होते, आणि जास्तीचं पाणी बाजूने काढून द्यायला सांडवा होता. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पावसाळ्याआधी पाट उपसायचा, निखळलेला दगड परत बसवायचा, हे काम ज्यांना पाणी मिळायचं त्यांच्याकडेच होतं. त्यासाठी निविदा लागत नव्हती. वर धरणं झाली, नदीचं वाहणं बदललं, गावोगावी विहिरी-बोअर झाले आणि फडाची घडी अनेक ठिकाणी विसकटली. घडी विसकटल्यावर बंधारेही ढासळू लागले. तोवर ज्या नदीने त्यांना हलवलं नव्हतं, तीच नदी होती.

कुणी म्हणेल, माणसं वाहून चालली आहेत, गोठ्यात बांधलेली गुरं जागेवर मेली आहेत, आणि तुम्हाला दगडांची पडली आहे. चाळीसगावच्या पुरानंतर ज्यांनी ते चित्र पाहिलं त्यांच्या तोंडून हा प्रश्न आला तर तो अगदी रास्त आहे. मी त्याला टाळून पुढे जाणार नाही. जीव आधी, घर आधी, जनावर आधी. यात वाद नाही. पण वास्तूसाठी मी जे मागतो आहे ते नीट पाहिलं तर लक्षात येईल की त्यातलं जवळपास सगळं माणसांसाठीही लागतं. वाळू उपसा थांबला तर घाट वाचतो आणि विहिरीलाही पाणी राहतं. नदीचं पात्र मोकळं राहिलं तर समाधी वाचते आणि झोपडीही. जलसंपदा खातं नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतं. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, हा नियम आहे. तो पाळला तर जुन्या-नव्याचा झगडाच उरत नाही. धुळ्यात पांझरेच्या दोन्ही तीरांनी रस्ते झाले, काठ सुशोभित झाला. शहराला मोकळी हवा मिळाली, याचा मलाही आनंद आहे. पण नदीची रुंदी दरवेळी आपल्या सोयीने ठरवता येत नाही, हे 2019 ने सांगितलं. देवपुरात पांझरेकाठी एकवीरा देवी आहे, अर्ध्या खानदेशाची कुलदेवता. तिच्या यात्रेत पाळण्यांना जागा कमी पडते म्हणून आपण वाद घालतो. नदीला जागा कमी पडते यावरही तेवढाच वाद व्हायला हवा.

आता सरकारी कामकाजाकडे येऊ. पूर ओसरला की तलाठी पंचनाम्याला निघतात. पिकं, घरं, जनावरं, दुकानं यांचे पंचनामे होतात. रस्ते-पूल यांचं नुकसान त्या त्या खात्याकडून जातं. गावातल्या गढीची भिंत फुगली, घाटाचे चिरे सरकले, बारवेत गाळ भरला, याचा पंचनामा कोण करणार? वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याचा माणूस कधीतरी येतो. संरक्षित नसेल तर कुणीच येत नाही. नोंद नाही म्हणून नुकसान नाही, नुकसान नाही म्हणून निधी नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2017 सालीच सांस्कृतिक वारशाच्या ठिकाणांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या आपत्ती आराखड्यात नदीकाठच्या जुन्या वास्तूंची नावं, त्यांच्या जोत्याची पातळी आणि जबाबदार माणसाचा फोन नंबर असायला हवा. पंचनाम्याच्या नमुन्यात एक रकाना वाढवायला कायदा बदलावा लागत नाही. पूर ओसरल्यापासून पहिल्या पंधरवड्यात फुगलेल्या भिंतीला लाकडी टेकू देणं, बुजलेली भोकं मोकळी करणं, गाळ हाताने काढणं, एवढं झालं तरी निम्म्या पडझडी टळतील. गाळ हाताने हे मुद्दाम म्हटलं. जेसीबीने गाळ काढताना पायाचे दगडही निघून जातात.

धरणांच्या बाबतीत माझी एक साधी मागणी आहे. हतनूरचे 41 दरवाजे उघडले की तापीकाठच्या गावांना इशारा जातो, बोरीचं पाणी तामसवाडीहून सुटलं की अमळनेरकर सावध होतात, अक्कलपाड्याचा विसर्ग वाढला की धुळ्यात भोंगे फिरतात. ही व्यवस्था माणसांसाठी आहे आणि ती चांगली आहे. पण विसर्ग वाढवण्याइतकंच तो कमी कसा करायचा हेही महत्त्वाचं आहे. आवक उतरू लागल्यावर शक्य असेल तेव्हा दरवाजे एकदम न टाकता टप्प्याटप्प्याने टाकले, तर नदी सावकाश उतरेल. मातीच्या दरडींना आणि त्यांवर उभ्या तटांना पाणी सोडायला वेळ मिळेल. शेतकऱ्यांच्या काठालगतच्या जमिनी तुटतात त्याही याच कारणाने, म्हणजे यातही दगडाचं आणि माणसाचं हित एकच आहे. हतनूरच्या फुगवट्याचा, म्हणजे धरणामुळे नदीत मागे चढून राहणाऱ्या पाण्याचा, प्रश्न आणखी वेगळा. हे धरण 1982 पासून उभं आहे आणि त्याचा फुगवटा संगमापर्यंत येतो. पूर पूर्वी चार दिवसांचा पाहुणा होता. फुगवट्याचं पाणी महिनोन्महिने मुक्कामाला असतं. चांगदेवाच्या परिसरात जमिनीतल्या पाण्याची पातळी वर्षभर मोजावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. दोन-तीन नळ्या पुरून दर पंधरा दिवसांनी नोंद ठेवायचं काम जवळच्या कॉलेजातली भूगोलाची मुलंही करू शकतील.

कागदाचंही बोलायला हवं, कारण इमारत वाचली आणि आतलं भिजलं तर काय उरलं? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर लगेच, 1927 साली, धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेल्या समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांचं वाग्देवता मंदिर याच शहरात आहे. पांझरेकाठच्या शहरात एवढी मोठी ठेव आहे, याची जाण धुळेकरांना आहे आणि ती संस्थांनी जिवापाड जपली आहे. पण मोठ्या पुराच्या दिवशी ही जबाबदारी त्यांच्या दोन-चार सेवकांवर टाकून भागणार नाही. 4 नोव्हेंबर 1966 ला इटलीत आर्नो नदी फ्लॉरेन्समध्ये शिरली तेव्हा तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे असंख्य ग्रंथ चिखलात गेले आणि जगभरातून आलेल्या तरुण पोरांनी रांगा लावून ते हातोहात बाहेर काढले. त्यानंतर भिजलेल्या कागदाचं काय करायचं याचं शास्त्रच तयार झालं. त्यातली पहिली गोष्ट अशी की ओला कागद दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, म्हणून सगळं एकदम वाळवता येत नसेल तर तो गोठवून ठेवायचा. खानदेशात केळीसाठी आणि भाजीपाल्यासाठी शीतगृहं आहेत. त्यातली कोणती, किती जागा, किती तासांत, हे आधी बोलून ठेवलं तर ऐनवेळी धावाधाव होणार नाही.

पैशाचं काय, हा प्रश्न येणारच. जिल्हा वार्षिक योजनेतला 3 टक्क्यांपर्यंतचा निधी गडकिल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकं यांच्यासाठी ठेवायची तरतूद राज्य सरकारने केलेली आहे. म्हणजे पैसे अगदीच नाहीत असं नाही. अडचण त्यांच्या वेळापत्रकाची आहे. निधी येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि तो 31 मार्चच्या आत खर्ची पडायला हवा. चुन्याचं काम अशा घाईत होत नाही. चुना विरवून मुरवावा लागतो, चुन्याच्या घाण्यात मळावा लागतो, लावल्यावर त्याला हळूहळू वाळू द्यावं लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांवर जातो. त्या उन्हात चुना एका दिवसात कोरडा पडतो आणि भुगा होऊन गळतो. पावसाळ्यात तो धरत नाही. म्हणजे खानदेशात चुन्याच्या कामाचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत, तेवढाच. मार्चअखेरच्या घाईत ठेकेदार सिमेंटच वापरणार, कारण दुसरं काही त्या मुदतीत बसतच नाही. चुन्याचं काम येणारे गवंडीही थोडे उरले आहेत. जे आहेत त्यांना दरवर्षी चार महिन्यांचं नक्की काम दिसलं तर ते हाताखाली पोरं तयार करतील.

तेव्हा पाहणी सप्टेंबरमध्ये व्हायला हवी, भिंतींवर पाण्याची रेघ ताजी असताना. गावातल्या जाणत्यांना बरोबर घेऊन अभियंत्याने त्याच आठवड्यात मोजमाप घ्यावं, ऑक्टोबरमध्ये अंदाजपत्रकाला मंजुरी मिळावी, दिवाळीला चुना भिजत पडावा आणि होळीच्या आत कामाची परांची उतरावी. मोठी रक्कम एकदाच देण्याऐवजी प्रत्येक वास्तूला दरवर्षी थोडी, पण न चुकता मिळावी. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत या वेळापत्रकाचा विषय नुसता टिपणीवर आला, तरी संरक्षक भिंतीच्या दहा प्रस्तावांपेक्षा मला तो जास्त मोलाचा वाटेल.